सुरकुत्या, डाग आणि ऊन: चेहऱ्याला रोज काय लावावं

आमच्या मेडिकलवर दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला एक काका येतात. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. परवा मी बिल करत होते आणि ते दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभे होते. सहज नजर गेली. डाव्या हाताची कातडी वयाच्या मानानं चांगली होती. उजवा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत रापलेला, तपकिरी ठिपक्यांनी भरलेला, कातडी जाड आणि चुरगळलेली. वर चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथंही तेच. उजव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं, डावीकडे त्याच्या निम्म्याही नाहीत.

"काका, ही खिडकीकडची बाजू ना?"

"तीस वर्षं, ताई. कोपर खिडकीत ठेवूनच गाडी चालवली."

डावा गाल आणि उजवा गाल एकाच दिवशी जन्मले. खाणं एक, झोप एक, आईवडिलांकडून आलेलं रक्त एक. फरक पडला तो उन्हानं. अमेरिकेतल्या अशाच एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. वय ६९, त्यातली २८ वर्षं मालाची गाडी चालवण्यात गेलेली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खराब झालेली. बाप आणि लेक यांचे अर्धे अर्धे चेहरे मधोमध जोडावेत तसा तो फोटो दिसतो.

बावीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवते आहे. "वय दिसायला लागलंय, काहीतरी चांगलं द्या" असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. बहुतेकांनी त्याआधी तीन-चार बाटल्या आणि हजार-दोन हजार रुपये घालवलेले असतात. म्हणून कुठली बाटली घ्यायची हे सांगण्याआधी कातडीत नेमकं काय बिघडतं ते मी सांगत बसते. ते एकदा कळलं की निम्म्या बाटल्या आपोआप बाद होतात.

त्वचेचे ढोबळमानानं दोन थर धरा. वरचा अगदी पातळ, तो सतत झिजतो आणि खालून नवा येतो. खालचा जाड, त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोरे विणलेले असतात. घरात नवारीचा पलंग असेल तर आठवून पाहा. नवार नवी असते तेव्हा पलंग ताठ असतो, वर्षं जातात तसा मधे झोळ पडतो. आपल्या त्वचेत जुनी नवार काढून नवी विणायचं काम चालूच असतं, पण विशी-पंचविशी उलटली की विणणाऱ्याचा हात मंदावतो. दर वर्षी साधारण एक टक्का कोलॅजन कमी होत जातं. बायकांची पाळी गेली की पहिल्या पाच वर्षांत सुमारे तीस टक्के कमी होतं, असं डॉक्टर सांगतात. "पन्नाशीत एकदम चेहरा उतरला हो" असं ज्या म्हणतात, त्यांचा तो भास नसतो.

हे झालं जन्मतारखेचं वय. ते कुणालाच टळत नाही. उन्हाचं वय त्याच्यावर आणखी चढतं. उन्हात यूव्हीबी आणि यूव्हीए अशी दोन प्रकारची अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी किरणं असतात. यूव्हीबी वरच्या थराला भाजते, ती लागली की कळतं. काच तिला बरीचशी अडवते. यूव्हीए भाजत नाही, म्हणून कळतही नाही. ती ढगांतून येते, खिडकीच्या साध्या काचेतून येते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते आणि खालच्या थरापर्यंत पोचते. तिथं ती कोलॅजन कापणारी एन्झाइम, म्हणजे शरीरातलीच पाचक द्रव्यं, जागी करते. म्हणजे एकीकडे नवार विणणारा दमलेला आणि दुसरीकडे कुणीतरी रोज कातर लावतंय.

आता आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीचं. आपल्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, ते नैसर्गिक छत्रीचं काम करतं. म्हणून गोऱ्या युरोपीय माणसाच्या तुलनेत आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण त्याच मेलॅनिनमुळे आपल्याकडे वय पहिल्यांदा दिसतं ते रंगात. गालांवर वांग येतो, कपाळ आणि ओठांच्या भोवती काळपटपणा येतो, एकसारखा रंग राहत नाही. पुळी गेली तरी तिचा डाग महिनोन् महिने राहतो. परदेशी जाहिरातींतली क्रीम सुरकुत्यांवर बोलतात आणि आपली बाई आरशात डाग बघत असते. या फरकातूनच पुढचं सगळं नुकसान सुरू होतं, कारण डाग घालवायचे म्हणजे गोरं व्हायचं असं मनात बसतं. मग हातात येते 'ती ट्यूब'.

त्या ट्यूबेबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या.

एक वहिनी स्कार्फ गुंडाळून दुकानात आल्या. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. स्कार्फ सोडला तर दोन्ही गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या, कानशिलाजवळ लव वाढलेली. बहिणीच्या लग्नाआधी कुणीतरी एक ट्यूब सुचवली होती. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की त्यांनी ती सोडलीच नाही. दोन वर्षं झाली होती. "एक दिवस नाही लावली तर आग आग होते," म्हणाल्या, आणि तीच ट्यूब मागितली.

त्या ट्यूबेत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आक्रसतात, सूज आणि रंग दोन्ही दबतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पण ते आतलं कोलॅजन बनणंही थांबवतं. तरुण दिसायला म्हणून लावलेलं मलम कातडी पातळ करत नेतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच करतं. आपल्याकडे हे इतकं पसरलं आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्टिरॉइडनं बिघडलेल्या चेहऱ्याला स्वतंत्र नावच दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा मलमांना असलेली सवलत काढून घेतली आणि ती शेड्यूल एच मध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकान सुरू केलं तेव्हा पहिली काही वर्षं मीही अशा ट्यूबा चिठ्ठी न मागता दिल्या आहेत. ते मला आजही सलतं.

म्हणून घरात चेहऱ्यासाठी जी ट्यूब असेल ती आता उठून बघा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव बारीक अक्षरांत दिसलं, तर ती रोजची क्रीम नव्हे. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, चेहरा भडकतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतात. आणि ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, लायसन्स नंबर आणि घटकांची यादी नाही, ती कितीही 'हर्बल' असली तरी घेऊ नका. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाचे काही रुग्ण डॉक्टरांच्या लक्षात आले, ते गोरेपणाची क्रीम लावत होते आणि कारण निघालं त्यातला पारा.

हे सगळं बाजूला झालं की लावायचं काय? मनापासून सांगते, पुरावा भक्कम आहे तो दोनच गोष्टींचा. सकाळी सनस्क्रीन आणि रात्री रेटिनॉइड. बाकीचं त्यांच्या मदतीला.

सनस्क्रीननं वय रोखलं जातं हे सांगणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतातल्या नंबूर गावात झाला. १९९२ मध्ये सुरू झाला, त्यातून वयाबद्दलचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचावन्न वर्षांच्या आतल्या ९०३ लोकांचे दोन गट केले. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्या गटाला त्यांच्या मर्जीवर सोडलं. हाताच्या मागच्या बाजूच्या कातडीचे साचे सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेतले. रोज लावणाऱ्यांची कातडी दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. ती माणसं बहुतेक गोऱ्या वर्णाची, त्यामुळे तोच आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण यूव्हीएची कातर आपल्याही कातडीत तशीच चालते. लक्षात घ्या, ते सनस्क्रीन फक्त एसपीएफ १५ च्या आसपासचं होतं (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं ते सांगणारा, ट्यूबवर लिहिलेला आकडा). महाग नव्हतं, रोजचं होतं.

एसपीएफचा आकडा यूव्हीबीपुरता. १५ चं सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० चं ९७, ५० चं ९८. म्हणून ३० च्या वर आकड्यामागे धावू नका, त्याऐवजी ट्यूबवर 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं मोजा. ती यूव्हीएसाठी असतात, तीन किंवा चार असावीत. मात्र हे टक्के प्रयोगशाळेतले, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतकं जाड लावल्यावरचे. आपण बहुतेक वेळा लावतो त्याच्या चतुर्थांश ते निम्मं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या लांबीभर रेघ इतकं लागतं. म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून एकदाच लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवसांत संपली पाहिजे. माझ्याकडे दिवाळीला एक ट्यूब नेणारी गिऱ्हाइकं पुढच्या दिवाळीला दुसरी न्यायला येतात आणि म्हणतात, काही फरक नाही.

वांग असेल तर एक गोष्ट जास्तीची. आपल्या वर्णाला साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यायचं. चेहरा पांढराफटक दिसण्याची तक्रारही त्यानं मिटते.

आणि सनस्क्रीनच्या आधी कापड. पुण्यात स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ घट्ट गुंडाळून, सनकोट आणि हातमोजे घालून जातात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. दाट विणीचं कापड घामानं वाहून जात नाही, दर दोन-तीन तासांनी परत लावावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा यूव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या जोराचा आकडा, ११ च्या पुढे जातो, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ती सर्वांत वरची पायरी आहे. शेतात दिवस काढणाऱ्या बाईला मी एक ग्रॅमचा हिशेब सांगत बसत नाही. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, त्यावर रुंद टोपी आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हे तिला जास्त पुरतं. काकांनाही मी तेच सांगितलं. शिवाय हातावरच्या ठिपक्यांपैकी एखादा वाढला, खरवडला, महिनाभर भरून आला नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही.

आता रात्रीचं. रेटिनॉइड म्हणजे अ जीवनसत्त्वाचं कुटुंब. यातलं ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ मध्ये मुरमांवरचं औषध म्हणून मंजूर झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन ते वापरत होते. त्यांच्या मध्यमवयीन बायका-रुग्ण सांगू लागल्या की मुरमं गेलीच, पण कातडीही गुळगुळीत झाली. १९८६ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला, आणि १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठात जॉन व्हूर्हीस यांच्या चमूनं तुलना करून दाखवलं की उन्हानं बिघडलेली कातडी यानं खरंच सुधारते. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले होते. औषध चांगलं निघालं म्हणून ती गोष्ट झाकली जाऊ नये असं मला वाटतं.)

ट्रेटिनॉइन दोन्ही बाजूंनी काम करतं. कोलॅजन कापणाऱ्या एन्झाइमना आवरतं आणि विणणाऱ्याला परत कामाला लावतं. वरचा थर लवकर बदलतो, त्यामुळे डागही फिके होत जातात. ते चिठ्ठीवरच मिळतं. दुकानात सहज मिळणारं रेटिनॉल त्याचं सौम्य भावंड, ते कातडीत गेल्यावर दोन पायऱ्यांनी त्याच औषधात बदलतं, म्हणून परिणाम मंद आणि त्रासही कमी.

त्रास होतोच. पहिल्या काही आठवड्यांत सालपटं निघतात, चुरचुरतं, लाली येते. गोऱ्या कातडीवर ही लाली येते आणि जाते, आपल्या कातडीवर जाताना काळा डाग ठेवून जाते. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून पहिल्या दिवसापासून रोज लावणं आपल्याला महागात पडतं. आठवड्यात दोन रात्रींनी सुरुवात करा, महिन्याभरानं तीन, सोसलं तर एक रात्र सोडून एक. पूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका दाण्याएवढं पुरतं. तोंड धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं कोरडं होऊ द्या, नाजूक कातडी असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे वगळा. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल, तर यातलं काहीच लावायचं नाही. आणि पार्लरमध्ये अप्परलिपचं वॅक्सिंग करायचं असेल तर आधी आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर मेणाबरोबर वरची कातडी निघून येते. लग्नाच्या आदल्या दिवशी अशी भाजल्यासारखी ओठाची कड घेऊन आलेली नवरी मी पाहिली आहे.

मॉइश्चरायझरचं थोडक्यात सांगते. त्यानं सुरकुती जात नाही, पण वरचा थर शाबूत राहतो आणि औषध सोसतं. ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलियम जेली हे शब्द बघा, जाहिरात बघू नका. रत्नागिरीच्या दमट हवेत हलकं जेल पुरेल, अकोल्याच्या उन्हाळ्यात किंवा नाशिकच्या थंडीत दाट क्रीम लागेल. साबण अल्कधर्मी असतो, कातडी किंचित आम्ल. धुतल्यावर तोंड ओढल्यासारखं वाटत असेल तर तो साबण अंगाला ठेवा आणि चेहऱ्याला सौम्य फेसवॉश घ्या.

क जीवनसत्त्वाचं सीरम चांगलं, पण हवा, उजेड आणि उष्णता लागली की बिघडतं. गडद तपकिरी झालं की टाकून द्या. त्यापेक्षा नायसिनामाइड मला आपल्या हवेसाठी सोयीचं वाटतं: पाच टक्क्यांच्या आतबाहेरचं, स्वस्त, टिकाऊ, डागांवर हळूहळू काम करणारं. कोलॅजनच्या क्रीमवर पैसे घालवू नका. कातडीतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू आत शिरत नाही आणि कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात असतो. दारातून बैलगाडी न्यावी असा तो प्रकार आहे. साय, बेसन यांनी काही बिघडत नाही, पण लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. त्यातली द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात आणि काळे पट्टे उठतात.

आणखी एक, डाग दिसला की तो वयाचाच असतो असं नाही. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळपटपणा असेल तर तो मळ नसतो, घासून जात नाही. बऱ्याचदा शरीरातल्या इन्सुलिनची ती तक्रार असते. अशा मुलीला मी क्रीम न देता उपाशीपोटी साखर तपासायला पाठवते. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेनं राखाडी-काळी छटा चढत असेल तर केसांचा डाय किंवा काळी मेंदी थांबवून बघा, त्यातलं पीपीडी नावाचं रसायन हे करतं. कपाळाच्या मध्यभागी नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडला असेल तर टिकलीमागचा गोंद बदला, आणि लवकर बदला.

हे सगळं एकाच सोमवारी सुरू करायचं नाही. पहिला महिना फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. त्यांची सवय लागली की रात्रीचं औषध. एका वेळी एकच नवी वस्तू, तीही आधी कानामागे तीन-चार दिवस लावून बघायची, म्हणजे काही उठलं तर कशानं उठलं ते कळतं.

ट्रेटिनॉइनची चिठ्ठी घेऊन कुणी आलं की मी खोक्यावर पेनानं आजची तारीख लिहिते आणि तिच्याखाली चार महिन्यांनंतरची. पहिल्या तारखेला सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, खिडकीपाशी एक फोटो काढायचा. दुसऱ्या तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला दुसरा. मधे आरशात रोज निरखत बसलं की पहिल्या महिन्यातली सालपटं बघून माणूस सोडून देतं.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एक बाई दोन्ही फोटो दाखवायला आल्या. कपाळावरच्या आठ्या होत्या तशाच होत्या. गालावरचा वांग मात्र कडेनं विरत चालला होता, आणि डोळ्यांखालची कातडी जरा भरल्यासारखी दिसत होती. त्यांनी दुसरी ट्यूब घेतली, सनस्क्रीनच्या दोन घेतल्या, आणि खोक्यावर पुढची तारीख घालायला माझ्याकडे पेन मागितलं.